ठेवलं नाही, टेकवलंय

सोसायटीचा सेक्रेटरी म्हणून माझी निवड झाली तेव्हा मी वडापाव आणायला गेलो होतो. वार्षिक सभा लांबली होती, लोकांना भुका लागल्या होत्या, आणि "तू तरुण आहेस, तू जा" असं म्हणून मला नाक्यावर पिटाळण्यात आलं होतं. मी तेव्हा पन्नाशीला टेकलो होतो, पण आमच्या चार मजली, बिनलिफ्टच्या इमारतीत ज्याचे गुडघे शाबूत तो तरुण. दोन्ही हातांत पिशव्या घेऊन परत आलो तर टाळ्या. मला वाटलं, वडापावासाठी आहेत.

टाळ्या विरल्यावर मीटरच्या खोलीपाशी, अगदी शेवटच्या प्लास्टिकच्या खुर्चीवरून एक हात वर गेला.

"हरकत," सर म्हणाले. "गैरहजर माणसाला न विचारता पदावर बसवायचा अधिकार या सभेला कुठून आला?"

त्या वेळी मी नुसतं तोंड मिटून उभा राहिलो असतो तरी सुटलो असतो. भर सभेत तो एकटा माणूस माझ्या बाजूनं बोलत होता. पण टाळ्यांची मला सवय नाही. मी म्हणालो, "माझी संमती आहे." सरांनी हात खाली घेतला आणि माझ्याकडे जुन्या, थकलेल्या ओळखीनं पाहिलं. "तू अजूनही प्रश्न न वाचताच उत्तर लिहितोस," ते म्हणाले.

ओळख जुनी होती हे खरं. इथल्याच एका कॉलेजात ते आम्हाला कंपनी कायदा शिकवायचे. उंच, किंचित पुढे झुकलेले, शर्टाचं सर्वांत वरचं बटणही लावलेलं. मूळचे जवळच्याच वटार गावचे. वाडीतलं घर भावाच्या वाट्याला गेलं आणि सर गासकडे जाणाऱ्या रस्त्यावर, आमच्या इमारतीत चौथ्या मजल्यावर राहायला आले. तिसऱ्यावर मी. ज्या माणसाच्या तासाला मी शेवटच्या बाकावर डुलक्या काढल्या, तो माणूस नियतीनं कायमचा माझ्या डोक्यावर आणून बसवला.

वर्गात त्यांचा एकच प्रश्न असे. "अधिकार कुठून आला?" फळ्यावर लिहीत, पुसत, पुन्हा लिहीत. "माणसाला जे मना केलेलं नाही ते सगळं करता येतं. कारण माणूस आईच्या पोटी जन्मतो. कंपनी कागदाच्या पोटी जन्मते. नगरपालिका, महापालिका, पतपेढी, सोसायटी, सगळ्या कागदाच्या पोटच्या. त्या कागदात जे सांगितलंय तेवढंच त्यांना करता येतं. तसूभरही जास्त नाही."

परीक्षेत त्यांनी विचारलं होतं: इथल्या वाड्यांतली केळी सुकवून सुकेळी विकण्यासाठी काढलेली एक कंपनी उद्या अर्नाळ्याला जाऊन बोंबील सुकवू लागली तर काय होईल? मी लिहिलं, "वास येईल." बाकी पान कोरं.

पेपर वाटताना सरांनी माझं उत्तर वर्गात मोठ्यानं वाचून दाखवलं. हशा ओसरेपर्यंत थांबले. मग म्हणाले, "निरीक्षण बरोबर. उत्तर चूक. गुण शून्य. खरं उत्तर असं, की काहीच होणार नाही. अधिकाराबाहेर केलेली गोष्ट चुकीची नसते. ती झालेलीच नसते."

"मग सर, ते बोंबील?" मी विचारलं. शून्य मिळालेल्या माणसाला गमावण्यासारखं काही नसतं.

"बोंबील आहेत," सर म्हणाले. "कंपनीनं ते सुकवलेले नाहीत."

पुढे बाकीचा कंपनी कायदा मी विसरलो, हे वाक्य तेवढं डोक्यात राहिलं. त्याचा अर्थ मात्र कळला तो फार उशिरा, आणि तोही वर्गात नाही, जिन्यात.

आमच्या नाक्यावरच्या भिंतीवर कुणीतरी रंगवून ठेवलं होतं: 'येथे कचरा टाकणाऱ्यास गाढव समजण्यात येईल. हुकमावरून.' जाणारे-येणारे हसत. सर हसले नाहीत. त्यांनी पालिकेच्या कार्यालयात रीतसर अर्ज केला. नागरिकास गाढव समजण्याचा अधिकार कार्यालयाला कोणत्या कलमान्वये प्राप्त झाला आहे? समजण्याचा अंमल कोणत्या तारखेपासून? आणि गाढव समजल्या गेलेल्यास अपील करण्याची सोय आहे काय? उत्तर आलं, 'सदर माहिती या कार्यालयात उपलब्ध नाही.' सरांनी पुढे अपील केलं. बरेच महिने हे चाललं. शेवटी कुणीतरी कंटाळून भिंतीला चुना फासला, आणि दुसऱ्या दिवशी तिथे कमरेइतका कचरा.

"बघा सर, गाढवांना रान मोकळं झालं," मी म्हणालो.

"वाईट झालं," ते म्हणाले. नाकाला रुमाल लावून बराच वेळ त्या ढिगाकडे बघत उभे राहिले. "पण आज ज्याला तुला गाढव समजायचा अधिकार मिळतो, त्याला उद्या तुला हाकायचाही मिळतो."

असा माणूस कुणाला आवडणार? कॉलेजच्या विश्वस्तांनी मुलांचं मैदान लग्नांसाठी भाड्यानं द्यायला सुरुवात केली, तेव्हा सरांनी विचारलं, संस्था शिक्षणासाठी काढली आहे, मांडवाचा अधिकार कुठून आला? लग्नं होत राहिली. सर प्राचार्य व्हायचे ते राहिले. त्यांच्या मागून लागलेले दोघं त्या खुर्चीवर बसून निवृत्त झाले. निरोप समारंभात सरांना शाल आणि घड्याळ मिळालं. त्यांनी घड्याळ हातात घेऊन विचारलं म्हणे, "हे कोणत्या निधीतून?" मग निरोपाचं भाषण कुणी केलंच नाही.

बाईंना हे सगळं मुखपाठ होतं. बाई म्हणजे सरांची पत्नी. त्या प्राथमिक शाळेत शिकवायच्या, म्हणून साऱ्या इमारतीच्याच बाई. ठेंगण्या, गोल, हसल्या की आधी खांदे हलायचे. नवऱ्याशी बोलताना त्या आपल्या वटारच्या बोलीत बोलत. ती आम्हा कोकण-देशावरून आलेल्यांना फारशी कळत नसे, पण रागावल्यात की नाही एवढं कळायचं. आमच्याशी मात्र शाळेतलं, कडक इस्त्रीचं मराठी.

"लग्नात फादरांनी ह्यांना विचारलं, कबूल आहे का," बाई सांगायच्या. "तर हे म्हणाले, आपण कोणत्या नियमाखाली विचारताय?"

"साफ खोटं," सर आतून म्हणायचे. "मी फक्त मनात विचारलं होतं."

सरांचा तो प्रश्न आम्हाला एकदाच आवडला. आमच्या खजिनदारांच्या नाकाला सुक्या मासळीचा वास चालत नाही. त्यांनी सभेत ठराव आणला, की इमारतीत कुणी सुकी मासळी भाजू नये. रोख पहिल्या मजल्यावरच्या सावंतवहिनींवर होता. वहिनी उठल्या, पदर खोचला. "माझ्या तव्यार काय टाकूचा ता आता ह्ये ठरवतले?" मी नवा सेक्रेटरी, मला दोन्हीकडे गोड राहायचं होतं. मी तोडगा काढला, फक्त बुधवारी भाजावी. दोन्ही पक्ष एकदम माझ्यावर तुटून पडले. तेवढ्यात मागून हात वर गेला.

"सभेचा अधिकार उंबऱ्यापर्यंत," सर म्हणाले. "उंबऱ्याच्या आत तव्यावर काय पडतं ते सभेच्या हद्दीबाहेर. हा ठराव केलात तरी झालेला नसेल."

वहिनींनी त्यांना त्याच संध्याकाळी बोंबलांची चटणी पाठवली. सरांनी ती दारातूनच परत केली. "लाच म्हणून नाही," त्यांनी निरोप दिला. "मला स्वतःला त्या वासानं मळमळतं."

त्यानंतर सर माझ्या चप्पलस्टँडवर आले. जिन्यात कुणी वस्तू ठेवायची नाही, असं आमच्या उपविधीत, म्हणजे सोसायटीच्या नियमावलीत, लिहिलेलं आहे. कपाटं, सायकली, तुळशीची कुंडी, सगळ्यांना मी जोशात नोटिसा धाडल्या. सरांनी मला माझ्याच दारात उभं केलं आणि बोट दाखवलं. माझ्या चपलांचा स्टँड जिन्याच्या पहिल्या पायरीवर पाय पसरून बसला होता. "नोटिशीची एक प्रत इथेही लाव," ते म्हणाले. मी स्वतःलाच नोटीस दिली आणि मुदतीच्या शेवटच्या दिवशी स्टँड आत घेतला. आमच्या घरात तेव्हापासून बाथरूमचं दार पुरतं उघडत नाही.

हे सगळं हसण्यावारी नेता येत होतं. बाईंचे गुडघे गेले आणि हसणं संपलं.

बाईंना दर रविवारी मिस्साला गावच्या चर्चमध्ये जायचं असे. जिथे नाव ठेवलं, जिथे लग्न लागलं, तिथेच. दारात रिक्षा येई. चौथा मजला ते रिक्षा, हे अंतर मात्र वाढत चाललं. आधी त्या कठडा धरून उतरायच्या. मग मध्ये थांबायच्या. मग एका रविवारी दुसऱ्या मजल्याच्या वळणावर त्या खालीच, फरशीवर बसल्या. स्वच्छ कांजी केलेली साडी, हातात प्रार्थनेचं पुस्तक, आणि उठता येईना. सावंतवहिनींनी आणि मी मिळून उठवलं. सर वर उभे होते, पायरीवर. त्यांचा चेहरा मी पाहिला नाही, पाहायचं टाळलं.

लिफ्ट बसवायला इमारतीत जागाच नव्हती. म्हणून मी, आयुष्यात प्रथमच, एक चांगला ठराव लिहिला. बाईंच्या सोयीसाठी दुसऱ्या मजल्याच्या वळणावर एक खुर्ची कायम ठेवण्यास सभा विशेष परवानगी देत आहे. वहिनींनी सूचना मांडली, खजिनदारांनी अनुमोदन दिलं. ते दोघं कशावर तरी एकत्र आलेले मी पहिल्यांदाच बघत होतो. माझा ऊर भरून आला होता. सर आता डोळे पुसतील, असंही मी मनात ठरवून टाकलं होतं.

"हरकत," सर म्हणाले.

मी 'मंजूर' लिहायला उघडलेलं पेन बंद केलं.

"जिन्यात वस्तू ठेवू नये, हे उपविधी सांगतो. ही सभा उपविधीच्या पोटातून आलेली आहे. पोरानं आईला परवानगी द्यायची नसते."

"अहो सर, पण बाईंसाठी..."

"बाई इथल्या सभासद आहेत. नियमात बाई हा अपवाद लिहिलेला नाही."

"सर, देवाक तरी भिया!" वहिनी ओरडल्या.

सर उभे राहिले. "आज तुम्ही चांगल्या माणसासाठी नियम वाकवाल," ते म्हणाले. "वाकलेल्या नियमापर्यंत मग वाईट माणसाचाही हात पोचतो. पुढच्या वेळी त्या वळणावर कुणाचं कपाट असेल, आणि आग लागेल, आणि त्या वेळी जिन्यात हीच बाई अडकलेली असेल." ते बसले. ठराव मी मागे घेतला.

संध्याकाळी मी वर गेलो, बाईंची समजूत काढायला. म्हणजे खरं तर सरांची तक्रार करायला. बाई खिडकीशी बसल्या होत्या.

"हे येऊन सांगून गेले," त्या म्हणाल्या. "म्हणाले, मला बोलावं लागलं. मी म्हटलं, छान केलंत. तुम्ही सभा जिंकलीत. आता मी जन्मभर इथेच बसून तुमचा विजय बघते." त्यांचे खांदे हलले नाहीत. "ह्यांच्या कायद्यात सगळ्यांना जागा आहे रे. मला बसायला तेवढी नाही."

त्यानंतर काही रविवार रिक्षा आलीच नाही. चौथ्या मजल्यावरून टीव्हीवरच्या मिस्साचा आवाज जिन्यात झिरपत यायचा. सर संध्याकाळी पाव-दूध आणायला खाली उतरत, तेव्हा माणसं दारं लावून घेत. मीही घेतलं एकदा. ते दार लावायचा अधिकार मला नक्की होता.

आणि मग एका रविवारी सकाळी मी पाव आणायला निघालो, तर दुसऱ्या मजल्याच्या वळणावर बाई बसलेल्या. कांजीची साडी, पुस्तक. खाली एक बसकं, जाड लाकडी स्टूल. वाडीतल्या सुतारानं केलेलं. त्यावर बसून बाईंच्या आईनं जन्मभर मोगरा ओवला. शेजारी सर, ताठ, एक हात कठड्यावर.

"सर, हे स्टूल..." मी माझ्या सेक्रेटरीच्या आवाजात म्हणालो. तो आवाज मला पदाबरोबर फुकट मिळाला आहे. "सभेत तर तुम्हीच..."

"उपविधी काय सांगतो?"

"जिन्यात कोणतीही वस्तू ठेवू नये."

"ठेवली आहे का?"

मी स्टुलाकडे बघितलं. ते चारही पायांवर ठामपणे उभं होतं. "दिसतंय तर ठेवलेलं."

"ठेवलं नाही. टेकवलंय," सर म्हणाले. "ठेवणं म्हणजे सोडून जाणं. मी सोडून गेलोय का?"

बाईंचे खांदे हलायला लागले. "रात्रभर शब्दकोश घेऊन बसले होते," त्या म्हणाल्या. "पहाटे मला उठवलं. म्हणाले, सापडलं. मला वाटलं, चष्मा सापडला."

मग बाई उठल्या, सरांनी स्टूल उचलून काखेत मारलं, आणि दोघं पुढच्या वळणापर्यंत उतरले. तिथे पुन्हा टेकवलं. दर रविवारी असं. जाताना प्रत्येक वळणावर, येताना प्रत्येक वळणावर. सत्तरी ओलांडलेला माणूस, एका काखेत ते दगडासारखं स्टूल, दुसऱ्या हातात बायकोचा दंड. येताना दोघांनाही इतका दम लागायचा, की बाई बसल्या-बसल्या आणि सर उभ्या-उभ्या, एकमेकांकडे न बघता भिंतीकडे बघत राहायचे.

मला राहवेना. मी एक हलकं, घडीचं प्लास्टिकचं स्टूल विकत आणलं आणि त्यांच्यासमोर उघडून, त्यावर बसून दाखवलं. ते माझ्यासकट मोडलं. बाई इतक्या हसल्या, की त्यांना पुन्हा लाकडी स्टुलावर बसावं लागलं. जमिनीवरून मी म्हणालो, "सर, निदान हे स्टूल मला उचलू द्या. नाहीतर पोरांना सांगतो. पाळ्या लावू."

"नाही," सर म्हणाले. "वर्गात काय शिकवलं होतं? ज्याच्यावर काम सोपवलंय त्याला ते पुढे सोपवता येत नाही. हे मला वेदीसमोर सोपवलंय."

"ऐकलंस?" बाई म्हणाल्या. "चाळीसेक वर्षांनी ह्यांनी कबूल आहे म्हटलं."

पुढचं सांगण्यासारखं फार नाही. बाई शेवटच्या खाली उतरल्या, त्या एका खुर्चीत बसून. चार पोरांनी उचलून रुग्णवाहिकेपर्यंत नेलं. परत आल्या नाहीत. सर त्या दिवशी पोरांच्या मागून स्टूल घेऊन उतरत होते. प्रत्येक वळणावर त्यांनी ते टेकवलं, पोरं थांबली नाहीत, त्यांनी उचललं.

दफनविधीला आख्खी सोसायटी गावात गेली. मातीची मूठ टाकून झाल्यावर माणसं पांगली. मी सरांच्या शेजारी उभा होतो. काहीतरी बोलावं म्हणून तोंड उघडलं आणि माझ्या सवयीप्रमाणे नको तेच बोललो. "सर, असं वाटतं, हे झालेलंच नाही."

सर माझ्याकडे वळले. वर्गात एखाद्या पोराचं उत्तर जेमतेम चुकलं की वळत, तसे. "तसं म्हणायला कलम लागतं," ते म्हणाले. "शोधलं मी. नाही सापडलं."

नंतरही दर रविवारी ते स्टूल घेऊन उतरत राहिले. दुसऱ्या मजल्याच्या वळणावर टेकवायचे, शेजारी उभे राहायचे. मी एकदा म्हणालो, "सर, आता कशाला?"

"दम लागतो."

"मग बसा की त्यावर."

"ते तिचं आहे," ते म्हणाले.

माणसं पुन्हा त्यांच्याशी बोलू लागली होती, पण आता त्यांच्याकडेच बोलण्यासारखं काही उरलं नव्हतं. सभेला यायचे, मीटरच्या खोलीपाशी बसायचे. मी मुद्दाम एकदा गच्चीवर पतंग उडवायला सेक्रेटरीची परवानगी लागेल, असा अत्यंत मूर्ख ठराव आणला. मला वाटलं, हात वर जाईल. सरांनी खिडकीबाहेर पाहिलं. ठराव मंजूर झाला आणि मला पतंगाचे अर्ज घेत बसावं लागलं.

मग तो रविवार. पाव आणायला उतरलो तर दुसऱ्या मजल्याच्या वळणावर स्टूल. एकटं. शेजारी सर नाहीत, वर नाहीत, खाली नाहीत.

मला झालेला आनंद मी काय सांगू! ज्या माणसानं मला माझ्याच दारात नोटीस लावायला लावली, त्यानं आज जिन्यात वस्तू ठेवली होती. मी मोबाइल काढला, स्टुलाचा व्यवस्थित फोटो घेतला, मागे जिन्यातली 'वस्तू ठेवू नये' ही पाटीही दिसेल असा, आणि सोसायटीच्या ग्रुपवर टाकला. खाली लिहिलं: 'अखेर सरांनी कायदा मोडला! खुलासा करावा, अन्यथा गाढव समजण्यात येईल. हुकमावरून.' धडाधड हसरे चेहरे आले. खजिनदारांनी तर डोळ्यांतून पाणी काढून हसणारे तीन पाठवले. मी पाव आणले, चहात बुडवून खाल्ले, आणि मधूनमधून फोन उघडून हसरे चेहरे मोजत बसलो.

जेवणाच्या सुमारास ग्रुपवर सावंतवहिनींचा संदेश आला. 'स्टूल अजून थंयच आसा. सरांक कोणी बघितला काय?'

वरखाली दारं उघडल्याचे आवाज ऐकू आले.

सर त्यांच्या घरात आरामखुर्चीत होते. दार नुसतं लोटलेलं. पायात बूट, शर्टाचं वरचं बटण लावलेलं. डॉक्टर म्हणाले, सकाळीच झालं असणार. वळणावर त्यांना बरं वाटेनासं झालं असेल. वर परतायला त्यांना दोन्ही हातांनी कठडा धरावा लागला असेल. काख रिकामी ठेवावी लागली असेल.

मी जिन्यात येऊन फोन काढला. फोटो पुसायला गेलो. फक्त माझ्यापुरता पुसता येत होता. सगळ्यांसाठी पुसायची मुदत तेव्हा तासाभराचीच असे, ती संपली होती. तो अजून तिथे आहे. हसऱ्या चेहऱ्यांसकट.

महिन्याभरानं सभा झाली. शेवटची प्लास्टिकची खुर्ची कुणीतरी नेहमीप्रमाणे मीटरच्या खोलीपाशी मांडली होती, आणि तिच्यावर कुणी बसलं नव्हतं. सावंतवहिनी उठल्या. त्यांनी सूचना मांडली, की ते स्टूल त्या वळणावर, जसं आहे तसंच, राहू द्यावं.

मी म्हणालो, "वहिनी, उपविधीत बसत नाही. जिन्यात वस्तू ठेवता येत नाही."

"कोणी ठेवलेला?" वहिनी म्हणाल्या. "सरांनी ता टेकवल्यानी. उचलूचा तेवढा रवला."

मी सूचना लिहून घेतली. ठेवणं म्हणजे सोडून जाणं, हे त्यांना ठाऊक नव्हतं. मला होतं. खजिनदारांनी मान खाली घालूनच अनुमोदन दिलं.

"कुणाची हरकत?" मी विचारलं.

सगळ्यांच्या माना मागे वळल्या. मी जरुरीपेक्षा जास्त वेळ थांबलो. खरं सांगायचं तर मी वाट बघत होतो. मीटरच्या खोलीत कुठलंसं चाक फिरत होतं, त्याची बारीक घरघर ऐकू येत होती.

"मंजूर," मी म्हणालो.

ठराव एकमतानं झाला, म्हणजे झालेला नाही. पोरानं आईला दिलेली परवानगी आहे ती. पण अधिकार कुठून आला, हे विचारणारं आता कुणी राहिलेलं नाही. इमारतीतले म्हातारे त्या वळणावर दम खायला बसतात. रविवारी मी पाव घेऊन येताना तिथे थोडा थांबतो, शेजारी उभा राहतो.

स्टूल आहे. सोसायटीनं ते ठेवलेलं नाही.